उसातून आलेला फोन

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कमेंटमध्ये कुणी शहाणपण शिकवायला नको. या ग्रुपवरचे अनुभव मी जेवण झाल्यावर करमणूक म्हणून वाचते. लिफ्ट मागणारा म्हातारा, बंद खोलीतली पैंजणं... वाचायचं, हसायचं, झोपायचं. मी बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत एका लहान कारखान्यात क्वालिटी तपासते. केसाएवढा फरक निघाला तरी पार्ट परत पाठवणारी बाई म्हणून तिथे माझी बरीच बदनामी आहे. कुणी "मला असं वाटलं" म्हणालं की मी "मोजून दाखवा" म्हणते.

आता माझ्याच पदरी अशी एक गोष्ट पडली आहे की जी मोजता येत नाही. गेल्या जानेवारीतली. घरात आम्ही ती काढत नाही. पण मनातून जात नाही म्हणून इथे लिहिते.

आम्ही मूळचे चिकोडीकडचे. वडील बेंगळुरूला आले, चिकपेटात हार्डवेअरचं दुकान टाकलं, आणि आम्ही इथलेच झालो. घरात मराठी, दारात कन्नड. माझा थोरला भाऊ, अण्णा, याने तीस-पस्तीस वर्षं त्या दुकानात बिजागऱ्या आणि कड्या-कोयंडे विकले, पण त्याचं चित्त कायम तळ्यावर. पक्ष्यांचं वेड. आता दुकान मुलाकडे देऊन तो मोकळा झालाय. येलहंकाला एकाच बिल्डिंगमध्ये राहतो आम्ही — वर मी आणि माझा नवरा मिलिंद, खाली अण्णा आणि वहिनी.

मलाही पक्ष्यांचं वेड आहे, पण उलट्या बाजूने. लहानपणापासून माझ्या चष्म्याचा नंबर असा की फांदीवरचा पक्षी "तो बघ, तो बघ" म्हणेपर्यंत उडून गेलेला असायचा. म्हणून मी कानाने शिकले. अण्णा डोळे, मी कान. त्यावरून आमची एक पद्धत पडली. तो कुठेही असो, ओळखू न येणारा आवाज आला की मला फोन लावायचा आणि हात लांब करून फोन नुसता धरून ठेवायचा. त्याने बोलायचं नाही. मीही हॅलो म्हणायचं नाही. उचलल्या उचलल्या फोन म्यूट करायचा, कारण एकदा माझ्या कुकरच्या शिट्टीने त्याचा मोठा मुश्किलीने सापडलेला पक्षी उडाला होता आणि तो आठ दिवस माझ्याशी धड बोलला नव्हता. त्याने फोन ठेवला की मग मी व्हॉइस मेसेज पाठवायचा — अमुक पक्षी आहे. मिलिंद याला "मुक्यांची दूरध्वनी सेवा" म्हणतो. तो पुण्याचा आहे, त्याला बोलायचं सुचतंच.

वहिनीला कित्येक वर्षं इजिप्त बघायचं होतं. पिरॅमिड, देवळं, राजांच्या कबरी. अण्णाला दगडांत काडीचा रस नाही. "मेलेल्या लोकांची घरं बघायला एवढ्या लांब कशाला जायचं?" म्हणायचा. मग कुणीतरी त्याच्या कानात घातलं की नाईलकाठी हिवाळ्यात पक्षीच पक्षी असतात... झालं! स्वारी वहिनीच्या आधी बॅग भरून तयार. टूर कंपनीचा वीस-बावीस जणांचा ग्रुप होता, बहुतेक सगळे बेंगळुरूचेच. एकच काळजी होती ती त्याच्या शुगरची. अण्णा इन्शुलिनवर आहे. इंजेक्शन घेतलं की अर्ध्या तासात पोटात काहीतरी गेलंच पाहिजे, नाहीतर साखर धाडकन खाली येते. एकदा दुकानातच चक्कर येऊन पडला होता, तेव्हापासून वहिनी त्याच्या मागे डबा घेऊन फिरते.

पहिले काही दिवस मजेत गेले. पिरॅमिडसमोरून फोन, तर त्यात घारींचा आवाज. बोटीवरून फोन, तर इंजिनाच्या घरघरीत काहीच कळेना. मग ते लोक लक्सरला पोचले.

तो रविवार होता. साडेअकराच्या सुमारास मी स्वयंपाकघरात वांगी चिरत होते. मिलिंद डायनिंग टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसलेला. तिकडे तेव्हा सकाळचे आठ. फोन वाजला, अण्णाचं नाव. मी सवयीने उचलला, म्यूट केला, स्पीकरवर टाकला आणि ओट्यावर ठेवला.

आधी नुसती सळसळ. मग अगदी जवळून कवड्या खंड्याची किरकिर. पाण्यावर एका जागी थरथरत उभा राहतो ना, तो काळापांढरा. आपल्या येलहंकाच्या तळ्यावर रोजचा. मला हसू आलं. एवढ्या लांब जाऊन हाच ऐकवतोय! मागे वेडे राघू होते, दोन-तीन तरी. लांबवर पाण्याचा पंप — डिझेलचा, टुक-टुक-टुक करणारा. आणि मध्येच एक गाढव जीव खाऊन ओरडलं.

"अण्णा बोलायला लागले वाटतं," मिलिंद म्हणाला.

मी त्याला हाताने गप्प केलं. फोन म्यूट होता तरीही... सवयच तशी. आवाज बराच वेळ चालू राहिला. नेहमी अण्णा मिनिटभर धरतो, या वेळी चार-पाच मिनिटं तरी झाली असतील. शेवटी शेवटी एक लांब सुस्कारा ऐकू आला, गुडघे धरून खाली बसताना तो टाकतो तसा. मग फोन बंद झाला.

मी मेसेज पाठवला, "अण्णा, कवड्या खंड्या आणि वेडे राघू. गाढवाची जात मला ओळखता येत नाही." आणि परत वांग्यांकडे वळले. मेसेजवर एकच टिक आली होती. रेंज गेली असेल, दुसरं काय.

भाजी फोडणीला टाकली आणि वहिनीचा फोन आला. तिच्या नंबरवरून. रडत होती.

"वन्सं, हे सापडेनात गं... एक तास झाला, सगळे हुडकायला लागलेत."

मी गॅस बंद केला. तिने तुटक तुटक सांगितलं ते असं. ग्रुप भल्या पहाटे नाईल ओलांडून पलीकडच्या काठाला गेला होता. डोंगराच्या कड्याखाली एक मोठं पायऱ्यापायऱ्यांचं देऊळ आहे, तिथे. अण्णा म्हणाला, तुम्ही आत जा, मी बाहेरच थांबतो, पक्षी बघतो. हे बाहेर आले तर अण्णा नाही. देवळाच्या पहारेकऱ्याने सांगितलं की गळ्यात दुर्बीण अडकवलेला एक माणूस मागच्या डोंगराच्या पायवाटेने वर जाताना त्याने पाहिला. आणि आदल्या रात्री अण्णा जेवताना सगळ्यांना रणगोज्याबद्दल सांगत होता. रणगोजा म्हणजे असल्या उघड्याबोडक्या दगडांत राहणारा पक्षी. तेव्हा शंकाच नाही, डोंगरात गेला! पोलीस, ग्रुपमधली पुरुष मंडळी, सगळे वर चढले होते; खाली बसपाशी वहिनीजवळ फक्त गाईड आणि ड्रायव्हर होते.

"आणि वन्सं, इन्शुलिन घेतलंय त्यांनी हॉटेलात. नाश्त्याचा डबा बसमध्ये तसाच आहे. उघडलेला पण नाही."

 मी लगेच म्हणाले, "अगं वहिनी, घाबरू नकोस, तो बरा आहे. आत्ताच पाऊण तासापूर्वी मला फोन आला होता त्याचा."



"कुणाचा फोन?"

"अण्णाचा. त्याच्या मोबाईलवरून."

"त्यांचा मोबाईल माझ्या पर्समध्ये आहे की," वहिनी म्हणाली. "काल रात्री चार्जिंगला लावायचा विसरले. बंद पडलाय. म्हणून तर... मोबाईल असता तर मी फोन केला नसता काय त्यांना?"

मी तिला म्हटलं, बघ. पुन्हा बघ. तिने पर्स उघडली, मला चेनचा आवाज आला. मग तिने फोटो काढून पाठवला. तिच्या तळहातावर अण्णाचा फोन, कोपऱ्यावर फुटलेलं तेच निळं कव्हर, आणि काळा पडदा. बटण दाबूनही काही होत नव्हतं.

मी मिलिंदकडे बघितलं. त्याने माझा मोबाईल ओढून घेतला आणि कॉलची यादी उघडली. होता. अण्णाचं नाव, आलेला कॉल. त्याने यादी वर-खाली केली, पुन्हा वर आणली. "तू ऐकलंस ना रे?" मी विचारलं. "गाढव ऐकलंस ना?" तो हो म्हणाला.

त्या क्षणी माझ्यासारख्या बाईने काय करायचं? हा काय प्रकार आहे याचा विचार करायला वेळ नव्हता. मला एवढंच समजत होतं की माझ्या भावाची साखर उतरत चालली आहे आणि वीस माणसं त्याला कोरड्या डोंगरात शोधतायत. आणि कोरड्या डोंगरात कवड्या खंड्या नसतो! त्याला पाणी लागतं, उघडं, मासे असलेलं पाणी. तो माझ्या कानाशी ओरडत होता. म्हणजे तो फोन जिथून कुठून आला असेल तिथे पाणी होतं.

मी डोळे मिटले आणि सगळं परत आठवायला लागले. खंड्या जवळ. गाढव त्याच्या मागे. पंप लांब. आणि ती सळसळ... सळसळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत होती, मी तिच्याकडे लक्षच दिलं नव्हतं, वारा समजून सोडून दिलं होतं. पण झाडातला वारा असा वाजत नाही. कोरडा, कागदावर कागद घासल्यासारखा आवाज. मे महिन्याच्या सुट्ट्या आम्ही काकांच्या मळ्यात काढल्या आहेत. तो आवाज मी झोपेतही ओळखेन.

"वहिनी, ऊस आहे! तिथे आसपास ऊस आहे का बघ. चिकोडीला असतो तसा उंच ऊस."

"इथं? इथं नुसती वाळू आणि दगड आहेत गं."

"येताना. बसमधून येताना काही दिसलं का?"

"येताना ते दोन मोठे दगडी पुतळे आहेत ना रस्त्याकडेला, तिथं फोटोला थांबलेलो. त्यांच्या मागं रान होतं खरं. ऊस तोडायला लागलेले लोक."

"पाणी?"

"पाट असेल, मला काय ठाऊक... हे खिडकीतून काहीतरी बघून ओरडले होते, बस थांबवा म्हणून. गाईड नाही म्हणाला."

मला आणखी काही ऐकायचंच नव्हतं. पण गाईड ऐकेना. वहिनीचं इंग्रजी बेताचं, त्यात ती रडत होती, आणि तो बिचारा तरी काय करणार? पहारेकऱ्याने डोळ्यांनी पाहिलंय म्हणतोय, आणि या बाईची नणंद बेंगळुरूत बसून सांगते की माणसं डोंगरातून काढा आणि उसात पाठवा! मी त्याच्या जागी असते तर "मोजून दाखवा" म्हणाले असते.

तेव्हा मिलिंदने फोन माझ्या हातातून घेतला. भुताखेतांचा विषय निघाला की सगळ्यात मोठ्याने हसणारा माझा नवरा उभा राहिला आणि गाईडला खणखणीत इंग्रजीत म्हणाला, "त्यांनी आम्हाला दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून कॉल केलाय. ते स्वतः बोललेत माझ्याशी. पुतळ्यांच्या मागे, उसाच्या रानात, पाटाच्या काठाला पडलेत. पाण्याचा पंप चालू आहे, त्याच्या आवाजाच्या दिशेने जा. पेशंट शुगरचा आहे, त्यांना काही झालं तर जबाबदारी तुमची."

साफ खोटं. मी त्याच्याकडे बघतच राहिले. पलीकडे गाईड कुणालातरी अरबीत हाका मारायला लागला, आणि बस सुरू झाल्याचा आवाज आला.

नंतरचा वेळ मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. मनात एकच... मी चुकले तर? डोंगरावरची माणसं माझ्या शब्दावर खाली उतरली आणि अण्णा खरंच वर असला तर? माझ्या कानाचा मला एवढा गर्व, आणि तो कान माझ्या भावाच्या जिवावर उठला तर? मिलिंद गॅलरीत येरझाऱ्या घालत होता. अण्णाच्या मुलाला फोन करावा असं दोघांच्याही मनात होतं, पण सांगायचं काय हे कळेना म्हणून कुणीच केला नाही. मी देवापुढे जाऊन उभी राहिले. हात जोडले नाहीत, नुसती उभी राहिले.

वहिनीचा फोन आला तेव्हा आधी काही कळलंच नाही. खूप माणसं एकदम बोलत होती. मग ती म्हणाली, "सापडले. आहेत. जिवंत आहेत."

मी तिथेच फरशीवर बसले आणि लहान मुलीसारखी रडले.

झालं होतं ते असं. आपला रणगोजा-बिणगोजा सगळं विसरून अण्णा देवळाबाहेरून एका रिक्षात बसला आणि पुतळ्यांपाशी परत आला. बसमधून त्याला पाटावर काहीतरी दिसलं होतं ते बघायला. "ग्रुप बाहेर यायच्या आत जाऊन येतो, हिला कशाला सांगायचं?" हा हिशोब. पाटाच्या कडेने आत गेला, पाय घसरला, घोट्याचं हाड मोडलं आणि तो बाजूच्या कोरड्या चरात पडला. दोन्हीकडून उसाचा पाला वर आलेला. रस्त्यावरून काय, दहा पावलांवरूनही दिसला नसता. वहिनी, ड्रायव्हर आणि ऊस तोडणारे दोघे पंपाच्या दिशेने पाटाकाठी चालत गेले म्हणून सापडला. शुद्ध जवळजवळ हरपली होती. ड्रायव्हरने त्याच्या तोंडात साखर घातली. तिथल्या डॉक्टरने सांगितलं, आणखी थोडा वेळ गेला असता तर अवघड होतं. पहारेकऱ्याने डोंगरावर पाहिलेला माणूस कुणी वेगळाच असणार, तो कधी कळला नाही.

आता मिलिंदने काय काय केलं ते सांगते, कारण इथे विचारणार आहातच. अण्णाचा फोन चार्ज करून बघितला. त्यावर त्या दिवशी कुठलाही कॉल गेलेला नाही. माझ्या फोनवर आलेला आहे. त्याने ऑफिसातल्या दोन-तीन जणांना विचारलं, प्रत्येकाने वेगळं कारण दिलं. एक म्हणाला उशिरा आलेला जुना कॉल असेल. समजा असेल. मग त्यात चार-पाच मिनिटं तो ऊस आणि तो पंप कुठून आला? अण्णा त्या जागी आयुष्यात पहिल्यांदा त्याच सकाळी गेला होता, आणि फोन त्याच्याबरोबर नव्हता. मिलिंदने शेवटी विषय सोडून दिला. आता मी काढला तर उठून आत जातो.

पण मी हे लिहायला बसले ते त्या कॉलमुळे नाही.

अण्णा परत आला, प्लास्टर घालून खालच्या हॉलमध्ये पडून असायचा. एक दिवस संध्याकाळी मी त्याच्यासाठी ज्वारीची भाकरी घेऊन गेले. वहिनी देवळात गेली होती. मी विचारलं, "अण्णा, चरात पडलास तेव्हा आसपास कुणीच नव्हतं का रे? ऊस तोडणारे तर तिथेच होते म्हणे."

"होते की," तो म्हणाला. "दोनदा गेले माझ्या अंगावरून. हे इथून तिथं, एवढ्यावरून. गप्पा मारत गेले."

"मग हाक नाही मारलीस?"

"नाही मारली."

"का? शुद्धीवर नव्हतास?"

"होतो की तेव्हा. चांगला होतो." त्याने भाकरीचा तुकडा मोडला. "तू ऐकत होतीस ना, म्हणून नाही मारली. खंड्या अगदी डोक्यावर होता. ओरडलो असतो तर उडाला असता, तुला ऐकू आलं नसतं."

 मी म्हटलं, "अण्णा, तुझ्याजवळ फोन नव्हता."

"नव्हताच. तुझ्या वहिनीच्या पर्समध्ये होता."

"मग मी ऐकतेय असं तुला कसं वाटलं?"

तो विचारात पडला. खरोखरच विचार करत होता, थट्टा करत नव्हता. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "पण ऐकत होतीस की नाही, सांग की?"

ऐकत होतेच.

साखर उतरली की माणसाला भास होतात, मला ठाऊक आहे. डॉक्टरांनीही तेच सांगितलं. त्याने अण्णाच्या बोलण्याचा उलगडा होईल. मी तर धडधाकट होते, वांगी चिरत होते, आणि माझ्या नवऱ्यानेही ऐकलं. आणि खरं सांगू? मला त्याहून दुसराच प्रश्न छळतो. त्या दिवशी आम्हा दोघांना जोडणारं जे काही होतं, त्याने माझ्या भावाला वाचवलं? की दोनदा त्याच्या तोंडावर हात ठेवला, आणि मग कसाबसा परत दिला? ज्याने ठावठिकाणा सांगितला त्यानेच हाक अडवली, आणि ती आमचीच पद्धत होती, आम्हीच घालून दिलेली. याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर सांगा, मी या वेळी हसणार नाही.

अण्णाचा पाय आता बरा आहे. रोज सकाळी तळ्यावर जातो, खिशात फोन आणि खडीसाखर दोन्ही असतात, वहिनी तपासून पाठवते. मला फोन अजून येतो. पण आता तो आधी मोठ्याने म्हणतो, "सुमे, मी बोलतोय." आणि मी म्यूट न करता म्हणते, "बोल अण्णा, ऐकतेय." एवढं होईपर्यंत पक्षी बहुतेक वेळा उडून गेलेला असतो.